भुयारातला खालचा सूर

हे घडलेलं आहे. रचलेलं नाही. मलकापुरात स्टेशनाकडं जाणाऱ्या रस्त्यावर दयारामचं रेडिओ दुरुस्तीचं दुकान होतं. तिथं व्हिडिओ गेम खेळायला येणारी माणसं आजही गावात भेटतील. त्यांनाही तो आवाज आठवतो.

तो कुठून येत होता, हे मात्र त्यांना कधीच कळलं नाही.

ते तिघांनाच ठाऊक होतं. दयारामला, त्याची बायको जनकाबाईला आणि मुलगी पंचफुलाला.

दयाराम तरुणपणी लग्नाच्या बँडमध्ये क्लॅरोनेट वाजवायचा. लग्नसराई संपली की जिनिंगमध्ये कामाला जायचा. सरकीबरोबर उडणारा कापसाचा बारीक धुरळा वर्षानुवर्षं छातीत साठला आणि एके दिवशी क्लॅरोनेट फुंकवेना. मग त्यानं रेडिओचं दुकान टाकलं. पुढं भुसावळच्या एका माणसाकडून जुनी व्हिडिओ गेमची मशीन आणली. कपाटाएवढा खोका, पुढं काच, खाली दांडा आणि दोन बटणं.

हातात कंदील घेतलेला एक छोटासा माणूस भुयारातून पळत सुटायचा. एवढाच खेळ.

पण त्याच्यामागं वाजणारं गाणं!

"सगळे काचेत पाह्यतेत," दयाराम म्हणायचा, "ऐकत कोणीच नाही. अन् ऐकल्याबिगर त्यायचे पाय चालत नाहीत. पंचे, तीन सूर हायेत यात. फकस्त तीन. तीन सुरात पुरा बँड बसवला बनवणाऱ्यानं. काय डोकं असन त्याचं!"

वरचा सूर नाचरा. मधला त्याच्यामागं धावणारा. आणि खालचा... पायाखालच्या जमिनीसारखा. भुयार आलं की वरचे दोन्ही बारीक होत आणि खालचा एकटाच चालत राही. गाण्याला शेवट नव्हता. शेपूट परत डोक्याला जोडलेलं. खेळणारा जगला तोवर गाणं जगायचं.

फक्त दयारामच्या मशीनमध्ये खालचा सूर मेलेला होता.

आतला एक भाग जळलेला. तसा भाग मुंबईतही मिळेना. पण भुसावळला त्याच खेळाची दुसरी, धड मशीन होती. दयाराम तिच्यासमोर अख्खा दिवस उभा राहून ऐकून आला होता.

मग तो मशीनच्या मागं स्टूल टाकून बसायचा. हातात कसलातरी रेडिओ उघडलेला. भुयार आलं की ओठ मिटून खालचा सूर गुणगुणायचा. खोक्याच्या लाकडातून तो असा घुमायचा की मशीनच वाजते असं वाटावं.

"काका, मशीनले सर्दी झाली काय आज?" एखादा विचारायचा.

"हाव. तुया पायानं धूळ आली ना बे दुकानात!"

पण छाती अधू. एक फेरी पुरी व्हायच्या आत दम संपायचा. तेव्हा पडद्याआड चुलीपाशी बसलेली जनकाबाई तेवढी जागा धरायची. ही बँडवाल्यांची रीत. वरात मांडवात पोचेस्तोवर सूर तुटू द्यायचा नाही. एकानं दम घेतला की दुसऱ्यानं धरायचं. जनकाबाईनं आयुष्यात वाद्याला हात लावला नव्हता, पण नवऱ्याचा दम कुठं संपतो हे तिला पाठ होतं.

१९८९च्या उन्हाळ्यात, एका दुपारी, तो सूर तुटला.

जनकाबाई नळावर गेली होती. दुकानात कुणीतरी खेळत होतं. भुयार आलं. खालचा सूर चालला... दम घ्यायला थांबला... आणि परत आलाच नाही.

पंचफुला देऊळघाटच्या शाळेत शिक्षिका होती. निरोप मिळताच ती आली. जलदानविधी झाला. पाहुणे गेले. त्याच दिवशी, दिवेलागणीच्या वेळी, माय उठली आणि तिनं मशीनचं बटण दाबलं. स्वतःच नाणं टाकलं. दांडा धरला.

कंदीलवाला धावू लागला.

पंचफुला दारात उभी होती. तिला वाटलं, चला, माय जरा सावरतेय.

भुयार आलं. वरचे सूर बारीक झाले...

आणि खालचा सूर सुरू झाला.

मशीनच्या मागून.

पंचफुलानं मायकडं पाहिलं. मायचे ओठ हलत नव्हते, गळाही हलत नव्हता. ती धावत मागं गेली. स्टूल रिकामं होतं. सूर मात्र तिथंच होता, बसलेल्या माणसाच्या तोंडाच्या उंचीवर.

मग तो थांबला. दम घ्यायला थांबतो तसा.

आणि मायनं काचेवरची नजर न काढता ती जागा गुणगुणून भरली.

"माय!"

"गप. तुटन."

दुसऱ्या दिवशी अमडापूरचे रंगराव आले. बापाचे बँडमधले जोडीदार, ढोलवाले. मशीन आणली तेव्हा ते बरोबर होते, तिचा खालचा सूर मेलेला त्यांनी तेव्हाच ऐकला होता. पंचफुलानं त्यांना काही सांगितलं नाही. नुसती मशीन लावली.

भुयार येताच रंगरावांचा हात दांड्यावरून निसटला.

"पोरी... खालचा सूर तं मेला व्हता ना याचा?"

"हो, काका."

"मंग कोण वाजवून राह्यलं?"

पंचफुलानं मशीनमागचं रिकामं स्टूल दाखवलं. रंगरावांनी मशीन बंद केली. मग म्हणाले, "मी घेऊन जातो हा खोका. तू मायले घेऊन जाय. जे हाय ते यात हाय."

पंचफुलालाही तसंच वाटलं. बाप गेला होता, पण माय तिला गमवायची नव्हती. माय जेवत नव्हती. घास तोंडात घ्यायची, मध्येच थांबायची, तो हातावर काढून ठेवायची आणि ओठ मिटायची.

"खाऊन घे ना, माय."

"घास असला तं सूर कसा धरू? त्याचा दम जाते."

मशीन गाडीवर चढली. दुकानात जमिनीवर तिचा चौकोनी डाग तेवढा राहिला. पंचफुलानं स्टूल उचलून कोपऱ्यात ठेवलं आणि निवांत श्वास सोडला.

तेव्हा तो आला.

वरचा सूर नाही. मधला नाही. नुसता खालचा... उघडा, एकटा. त्या चौकोनी डागाच्या मागून.

"वरचे दोघं देऊन टाकले तू," माय म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता. "काऊन दिले वं? त्यायच्या आडोशानं त्याले जरा दम खाता येत व्हता. आता सारं माह्यावर."

तेव्हापासून थांबणं नव्हतं. आधी भुयार आलं तरच सूर यायचा. आता दिवसभर यायचा. जिथं दम संपे तिथं माय. झोपेतही माय.

पंचफुला तिला जवळजवळ ओढतच एसटीत घेऊन बसली. दुकान मागं पडलं, मलकापूर मागं पडलं. गाडीत आता तो सूर नव्हता. नक्की नव्हता. फक्त इंजिन, काचांची खडखड आणि एका बाळाचं रडणं.

पण माय खिडकीला डोकं टेकून, ठरल्या ठरल्या वेळी, तेवढीच जागा गुणगुणत होती.

देऊळघाटला डॉक्टर म्हणाले, अशक्तपणा आहे, धक्का बसलाय. त्यांनी औषध दिलं. ते घेतानाही ती मध्येच थांबायची आणि पाणी ओठांवरून खाली ओघळायचं.

"मी नळावर गेली व्हती," एकदा ती म्हणाली. "एकडाव नाही धरला, अन् पाह्य काय झालं. आता नाही सोडत."

"बाबा गेले, माय. ते नाहीत आता."

मायनं तिच्याकडं कीव आल्यासारखं पाहिलं. "मंग मी कोणासंगं गाऊन राह्यली?"

एका रविवारी दुपारी पंचफुला तिच्या उशाशी बसली होती. माय गुणगुणली. आवाज फार बारीक होता. ती जागा भरून निघाली. थोड्या वेळानं तीच जागा परत आली. माय गुणगुणली, पण अर्धीच.

आणि मग खोलीत तो आला.

देऊळघाटात. भिंतीपलीकडून नाही, रस्त्यावरून नाही. खाटेच्या पलीकडून. बसलेल्या माणसाच्या तोंडाच्या उंचीवरून.

खालचा सूर चालत आला... चालत आला... आणि दम घ्यायला थांबला.

पंचफुलानं मायच्या छातीकडं पाहिलं.

ती हलली नाही.

ओठ मिटलेलेच होते. पण त्यातून काही आलं नाही.

खोलीत शांतता होती. नुसती शांतता नाही. कुणीतरी वाट बघतंय, अशी. ती लांबत चालली... लांबत चालली... त्या दुपारी बापाची जागा धरायला कुणी नव्हतं तेव्हाही ती अशीच लांबली असेल, हे तिला लख्ख समजलं.

पंचफुलानं ओठ मिटले.

आणि ती जागा भरली.

सूर पुढं चालू लागला.

याला आता बरीच वर्षं झाली. अमडापूरच्या बाजारात ती मशीन काही काळ चालली. खालचा सूर तिच्यातून पुन्हा कधी आला नाही, असं रंगराव सांगत. मग ती भंगारात गेली.

पंचफुला अजून शिकवते. फळ्यावर लिहिता लिहिता ती मध्येच थांबते, वर्गाकडं पाठ करून. बाईंना पुढचं आठवत नाही, असं मुलींना वाटतं.

बापाचा सूर तिला रोज ऐकू येतो. मायचा एकदाही आला नाही.

कधीतरी त्या जागी आपण गप्प राहून बघावं, असं तिच्या मनात येतं. कदाचित पडद्याआडून माय ती जागा धरेल.

पण नाही धरली तर...?

तेवढ्यात जागा येते. आणि तिचे ओठ मिटतात.