कल्पनाच्या हातचा थर

कल्पना शिंदे माई सुभेदारांच्या दारी आली ती रडत नव्हे, तरातरा.

"माई, सत्त्याण्णव साल उजाडलं, तरी बाईमाणसाला चोर ठरवणं इतकं सोप्पं? रामघाटासाठी आमच्या कारखान्यात फायबरच्या सहा होड्या केल्या. वरचा थर मी मारला, पुरता अर्धा मिलिमीटर. इंदूरहून दिलीप नावाचा मोजणारा आला, म्हणतो पावच भरला. मालक शैलेंद्रशेठ म्हणतात, उरलेला माल चोरून विकलास, उद्यापासून येऊ नको."

माई चौथी शिकलेल्या. पण माधव नगरातल्या निम्म्या चोऱ्या त्यांनीच उकललेल्या. त्यांनी पदर खोचला. "विनायकराव, स्कूटर काढा."

जावई विनायकराव रेल्वेत. अक्कलही पॅसेंजरच्या चालीची.

कारखान्यात शेठ म्हणाले, "माई, मशीन झूठ बोलत नाही."

"मशीन नाही बोलत. हिच्याशी काही वाकडं?"

"छे! तोंड फार चालतं, इतकंच. म्हणे, वासानं डोकं धरतं, मास्क द्या, नाहीतर सगळ्या बाया काम बंद! महिनाभर तेच."

माई दिलीपकडे वळल्या. "कसं मोजतोस, दाखव."

दिलीपनं पेटीतून ट्यूब काढली, टोपणाच्या टोकानं सील फोडलं आणि नमुन्याच्या तुकड्यावर जेलीचा थेंब सोडला. वर मशीनची कांडी टेकवली. "आवाज थरातून जाऊन परतला की जाडी कळते."

"अरे वा, सोनोग्राफीची जेली!" विनायकराव खूश. "नसली तर पाणी चालेल?"

"मी पाणी वापरतच नाही. फक्त जेली. मधे हवा राहिली तर आकडाच येत नाही."

"काल होड्यांना हीच लावलीस?" माईंनी विचारलं.

"हीच. एकच तर आणलीय. साठ जागा मोजल्या."

"मग काल साठ जागी लावलेल्या ट्यूबचं सील आत्ता माझ्यादेखत कसं रे फोडलंस?"

दिलीप शेठकडे बघू लागला.

"तिकडे काय बघतोस? मोजलंच नाहीस तू. शेठनं सांगितले ते आकडे लिहिलेस. मास्क मागितला म्हणून हिला काढली तर सगळ्या बाया उठतील. चोर ठरवली की कोण उठतंय?"

"सरच बोलले होते..." दिलीप पुटपुटला.

शेठ कसनुसं हसले. "माई, घरची बात घरात मिटवू. कल्पना, उद्या ये कामावर."

"उद्या कशाला?" कल्पनानं सगळ्या बायांना हाक मारून बोलावलं आणि मशीन दिलीपच्या हातात कोंबलं. "मोज. साठही जागा. आकडा मोठ्यानं म्हण."

दिलीपनं पहिल्या होडीवर थेंब सोडला. "पॉइंट बावन्न."

"ऐकू नाही आलं!" मागून बाया ओरडल्या.