चाळिसावा तास

दर शनिवारी पाच वाजता लातूरच्या एका शाळेत संगणककक्षाचं दार लागायचं आणि बारावीतली अन्विता बिराजदार राखाडी स्पर्शमोजे चढवायची. त्याच क्षणी अटलांटिक महासागरातल्या एका पोर्तुगीज बेटावर, वृद्धाश्रमाच्या खोलीत, दोन यंत्रहात टेबलावरून उठायचे. अन्विताने बोट वाकवलं की समोरच्या पडद्यावर तिकडचं बोट वाकायचं. तिकडे कुणी तो हात धरला की इकडे मोज्याच्या आतून तेवढाच दाब, तेवढीच ऊब लागायची. बोलणं ज्याच्या त्याच्या भाषेत, पण यंत्राच्याच आवाजात पोचायचं.

अशी चाळीस तास सेवा केली की आंतरराष्ट्रीय स्वयंसेवेचं प्रमाणपत्र मिळे आणि परदेशी विद्यापीठाच्या अर्जात त्याला वजन असे. लातूरची पोरं गुणांशिवाय कशाला हात लावत नाहीत म्हणतात, ते अगदीच खोटं नाही. अन्विताही प्रमाणपत्रासाठीच आली होती.

पण तिच्या वाट्याला इल्दाआजी आल्या. वय चौऱ्याऐंशी, दृष्टी पूर्ण गेलेली, जीभ मात्र शाबूत. पहिल्याच दिवशी त्यांनी यंत्रहात चाचपला आणि म्हणाल्या, "गार आहे. पण आत कुणीतरी आहे."

दोघी मिळून घेवड्याच्या शेंगा सोलायच्या. अन्विता शेंग उलट्या टोकाकडून फोडते म्हणून आजी तिला ओरडायच्या. निघताना अन्विता त्यांच्या गालांवरून हात फिरवायची आणि स्वतःच्या कानशिलावर बोटं मोडायची. आमच्याकडे अशी दृष्ट काढतात, असं तिने सांगून ठेवलं होतं. खरं तर ती मोठ्यांनी लहानांची काढायची. इथे सगळं उलटंच चाललं होतं. बोटं मोडायची लातुरात आणि कडकड ऐकू जायची बेटावर. आजी मोजत बसायच्या.

"आज आठच," त्या म्हणायच्या. "दोन राहिली."

"पुढच्या शनिवारी देते," म्हणून अन्विता हसायची.

चाळिसावा तास निरोपाचा होता. नेमकी त्याच दिवशी क्लासने सराव परीक्षा लावली. तिची मैत्रीण तेजल हालगे म्हणाली, "अगं, मी बसते की तुझ्या जागी. आंधळ्या आजीला काय कळायलंय? प्रॉक्सी काय पहिल्यांदा लावायलोत का आपण?"

ते खरंच होतं. अकरावीपासून दोघी एकमेकींची हजेरी लावत आल्या होत्या. मोज्यांत कुणाचे हात आहेत, हे यंत्रही तपासत नसे. अन्विता पेपरला गेली.

सोमवारी तेजल तोंड चुकवत होती. फारच खोदून विचारल्यावर बोलली.

"हात धरल्या धरल्या त्यांनी विचारलं, आज तू कोण? खरं सांगितलं असतं तर तुझे तास गेले असते. म्हटलं, मीच अन्विता. शेवटी त्या तोंड पुढं करून बसल्या. मला वाटलं, काही सांडलंय. मी रुमालानं पुसलं. मग हात काढून घेतला गं त्यांनी."

अन्विताने त्याच दिवशी आजींशी बोलायला हवं होतं. ती बोलली नाही. आज बोलू, उद्या बोलू करता करता प्रमाणपत्र आलं आणि आईने ते फ्रेम करून भिंतीला लावलंही.

महिन्याभराने स्वयंसेवेचं काम बघणाऱ्या देवणीकर मॅडमनी तिला बेटावरचं पत्र दाखवलं. इल्दाबाई नव्या मुलांचा हात धरत नाहीत, नीट जेवत नाहीत, 'ती मुलगी कुठे' एवढंच विचारतात. अन्विताला शनिवारी येता येईल का? नाही जमलं, तर तिचा स्पर्श आणि बोलणं यंत्रात नोंदलेलं आहेच. तिने परवानगी दिली, तर यंत्रहात तिच्या वतीने आपलेआपण चालतील.

"परीक्षा तोंडावर आहे बाळा," मॅडम मायेने म्हणाल्या. "देऊन टाक परवानगी. त्याही खूश, तूही मोकळी."

अन्विताने 'हो'वर बोट ठेवलं. तेजलला एक तास दिला तर हे रामायण झालं होतं. यंत्राला तिने सगळे शनिवार देऊन टाकले. पंधरा दिवसांनी आजी जेवू लागल्याचं कळलं, तेव्हा तिला हायसं वाटलं. त्या हायसं वाटण्याची तिला पुढे फार लाज वाटली.

परीक्षा संपल्यावर मॅडमच्या मागे लागून तिने एक तास मागून घेतला. मोजे चढवले. समोर आजी होत्या, पुढ्यात शेंगांची टोपली. अन्विताने हात पुढे केला. आजींनी तो धरला, पण नुसताच धरला.

"आठ," त्या म्हणाल्या.

"काय आजी?"

"दर शनिवारी आठच. दोन राहिली म्हटलं की पुढच्या शनिवारी देते म्हणतेस, हसतेस. पुढच्या शनिवारी पुन्हा आठच. आधी आनंदात होते, म्हणून लक्षात आलं नाही."

"ती मी नव्हते, आजी. यंत्र होतं. मीच परवानगी दिली होती."

"आणि त्याआधी? रुमालवाली?"

"तीही मी नव्हते. चुकलं माझं. आज मी आलेय. मीच अन्विता."

"त्या दोघीही हेच म्हणाल्या होत्या."

मग आजींनी जुन्या सवयीने आपला चेहरा थोडा पुढे केला आणि शांतपणे विचारलं, "आज तू कोण?"

अन्विताने त्यांच्या गालांवरून हात फिरवले आणि बोटं कानशिलावर नेली. आठ मोडावीत, की दहा? किती मोडली म्हणजे आजींना खरं वाटेल?