हात दाखवा, गाडी थांबेल

बंद पडलेल्या हॉल्टचा इतिहास लिहून द्या, अशी गळ रेल्वेच्या स्मरणिकेच्या मंडळींनी घातली, तेव्हा निवृत्त हेडक्लार्क मनात हसले. इतिहास किल्ल्यांना असतो. गुडघाभर फलाट, पत्र्याचं छप्पर आणि सिमेंटचं बाकडं यांना कसला आलाय इतिहास? तरी त्यांनी काम घेतलं, आणि फोटो काढायला एका दुपारी मोटार काढली. बायको न विचारता शेजारी येऊन बसली. तिचं माहेर त्या हॉल्टपासून हाकेच्या अंतरावर.

रूळ कधीच भंगारात गेले होते. नुसती खडी उरली होती. बोर्डावरची अक्षरं मात्र शाबूत होती : 'हात दाखवा, गाडी थांबेल.'

"काय थाट," हेडक्लार्क म्हणाले. "मास्तर नाही, सिग्नल नाही. म्हैस हाकलल्यासारखा हात करायचा, की आगगाडी उभी. तुझ्या माहेराला शोभेलसंच आहे."

"आई इथूनच यायची," बायको म्हणाली.

हे त्यांना कुणी सांगायला नको होतं. सासूबाई दर महिन्याला गाठोडं घेऊन यायच्या आणि जायचं नाव काढायच्या नाहीत. आल्या की आरामखुर्ची त्यांची, रेडिओ त्यांचा, आणि जावयाच्या पगारावर, पोटावर, टकलावर सढळ अभिप्राय. शेवटी हेडक्लार्कनी चहाच्या वेळी साहेबांच्या कानावर घातलं, की त्या हॉल्टवर कुत्रंसुद्धा चढत नाही. साहेबांनी कप खाली ठेवायच्या आत हॉल्ट बंद केला. विचार करण्यात वेळ घालवणारा माणूस साहेब होत नाही.

सासूबाईंना कुणी कळवलं नाही. त्या नेहमीसारख्या येऊन बसल्या. न थांबता धडधडत जाणाऱ्या गाड्यांना, पुढची तरी थांबेल म्हणून, रात्रभर हात दाखवत राहिल्या. सकाळी बाकड्यावर गारठलेल्या सापडल्या.

हॉल्ट कुणी बंद करवला, हे बायकोला आजवर कळलं नव्हतं. पुढेही कळू नये, म्हणूनच तर हेडक्लार्कनी हा इतिहास दुसऱ्या कुणाच्या हाती जाऊ दिला नव्हता.

"कुणी बंद केला असेल हो?" बायकोनं बाकड्यावर बसत विचारलं.

"अगं, तोट्यातले हॉल्ट आपोआप बंद पडतात."

"आपोआप?"

विषय बदलावा म्हणून ते फलाटाच्या कडेला गेले, सासूबाईंसारखी कंबर वाकवली आणि हात हलवला. "थांबवा हो... जावई वाट बघतोय..."

खडी थरथरली.

मग ब्रेक लागल्याचा लांबलचक, दात आंबवणारा किरकिराट आला, आणि तापलेल्या लोखंडाचा वास. समोर काही नव्हतं. लख्ख ऊन होतं. फक्त खडीपलीकडचं गवत आडवं झालं होतं आणि उठत नव्हतं. फलाटावर काहीतरी जड, मऊसर धप्पकन ठेवलं गेलं. पुन्हा किरकिराट झाला, आणि गवत हळूहळू उभं राहिलं.

"चल," हेडक्लार्क म्हणाले.

"फोटो?"

"राहू दे..."

मोटारीपाशी बायकोनं मागचं दार उघडलं आणि ते धरून उभी राहिली. वयस्क माणसाला आत बसायला लागतो, तेवढा वेळ. मग अलगद लावलं. मोटार मागून दबली.

हेडक्लार्कनी आरशाकडे बघायचं टाळलं. वाटेत मागून धापा ऐकू येऊ लागल्या. मग बोळक्या तोंडाचं पुटपुटणं. सायलेन्सर ढिला झाला असावा, असं त्यांनी स्वतःला बजावलं आणि रेडिओ लावला. बायकोनं तो बंद केला आणि मान मागे वळवली. बराच वेळ ती तशीच बसली.

"अहो," ती हलकेच म्हणाली, "मोटार जरा हळू घ्या. आई तुमच्याबद्दल काहीतरी सांगतेय... इंजिनाच्या आवाजात नीट ऐकू येत नाही."

हेडक्लार्कनी होता नव्हता तेवढा जोर लावून ॲक्सिलरेटर दाबला. मोटार हळू होत गेली. मग इंजिनाचा आवाजही थांबला.