शकुनबाईची शेगडी

शेगडीच्या नळीला चोवीस भोकं होती. खालच्या ओळीतलं तिसरं मात्र तिरपं होतं. भोक पाडताना खिळा निसटला, तेव्हा हातोडी चंद्रकांताच्याच हातात होती.

"घनश्याम, ही आईची शेगडी!" ती भावाला म्हणाली.

"पण नाव पाह्य!"

तुमसरच्या विज्ञान प्रदर्शनातल्या त्या टेबलावर पाटी होती : ‘भुशाची शेगडी. संशोधक : ताराचंद गुरुजी.’

चंद्रकांतानं पाटी पुन्हा वाचली. दिवाळीच्या सुट्टीआधी गुरुजी म्हणाले होते, "आठ दिवस पाहायला दे." तिनं स्वतः डोक्यावरून शेगडी नेऊन दिली होती. जगदीशचंद्र बोसांनी कलकत्त्यात तारेशिवाय लहरी पाठवून दाखवल्या, पण जगानं नाव घेतलं मार्कोनीचं, हे वर्गात सांगताना याच गुरुजींचा आवाज भरून आला होता!

राइस मिलमध्ये तांदूळ पाखडणाऱ्या आईनं, शकुनबाईनं, ऐकून घेतलं आणि सूप खाली ठेवलं.

"जाऊ दे, बाई. थे मोठे मानूस."

"काहून जाऊ दे?"

चार दिवस दोघांनी आईची पाठ सोडली नाही. चार दिवस तिचं उत्तर एकच : "पाहू."

शेवटच्या दिवशी नागपूरच्या परीक्षक बाई आल्या. इथे निवड झाली, की शेगडी पाटीवरच्या नावासकट भंडाऱ्याच्या जिल्हा प्रदर्शनाला जायची होती. घनश्यामनं भोळा चेहरा केला.

"गुरुजी, पेटवून दाखवा ना!"

"आत्ता? इथं?"

"हो, दाखवाच!" बाई म्हणाल्या.

गुरुजींनी नळीभोवती भुसा भरला आणि लाकडाच्या भुकटीच्या शेगडीत ठोकतात तसा मुसळीनं ठोकून बसवला. काडी लावली. ज्योत नाहीच, नुसता धूर! बाई खोकत मागे सरल्या.

"गुरुजी, धानाचा भुसा दाबत नाहीत," चंद्रकांता म्हणाली. "भोकांतून येणारी हवा मंग जाईन कुठून?"

"तुला काय कळतं? गप्प बस!"

असं ते वर्गात कधीच बोलले नव्हते. तिचे डोळे भरले, पण ती हलली नाही.

तेवढ्यात घनश्यामनं गर्दीतून शकुनबाईला हाताला धरून आणलं. तिनं मुसळी बाजूला ठेवली. शेगडी उलटून झटकली, नवा भुसा सैल ओतला, कडेला हलक्या टिचक्या मारल्या. या वेळी ज्योत सरळ वर आली!

"तिरपं भोक माह्यं आहे," चंद्रकांतानं बोट दाखवलं. "खिळा निसटला होता."

"मी... मार्गदर्शन केलं होतं," गुरुजी पुटपुटले. चंद्रकांता त्यांच्याकडे बघत राहिली. खाली मान त्यांनी घातली.

"शाबास, पोरांनो! नजर बारीक आहे तुमची," म्हणत बाईंनी पाटीवरचं नाव खोडलं आणि पेन तसंच धरून ठेवलं. "कुणाचं नाव लिहू?"

सगळे शकुनबाईकडे पाहू लागले. तिनं पदराला हात पुसले, गुरुजींकडे एकदा पाहिलं.

"लिहा, बाई. शकुनबाई धनीराम. शेगडी म्या बनवली, आन् भंडाऱ्याले मीच घेऊन जाईन."