जाईबाईंचं गुंतवळ

१७ एप्रिल २०२५, गुरुवार. ऊन कडक, वारा पडलेला. पश्चिमेकडे आभाळ धुरकट.

चिखलीत आमच्याकडे नळाला दिवसाआड पाणी येतं. म्हणून परसातल्या विहिरीची मोटर उद्या घरच्या टाकीला जोडायचं आमच्या यांनी, सोपानरावांनी, ठरवलं. सूनबाई मोनिकाला सातवा महिना. आमची मुलगी तनुजा कॉलेजात रसायनशास्त्रात संशोधन करते. ती म्हणाली, "अप्पा, आधी पाणी तपासू." विहिरीपलीकडच्या भिंतीला लागून क्रोमचा मुलामा देणारं वर्कशॉप आहे.

"माझ्या आईनं जल्मभर ह्येच पाणी पिलं," हे म्हणाले.

"आणि किडन्या निकामी होऊन गेली आजी," तनुजा म्हणाली.

"सत्त्याहत्तरची होती गं ती. कागदाच्या पट्टीला काय कळतंय त्यातलं?"

पाणी तपासायच्या त्या पट्ट्या तनुजानं स्वतः केल्या होत्या. त्यासाठी केस लागले, ते मी दिले. माझ्या सासूबाई, जाईबाई, विंचरताना गळालेला एकही केस बाहेर जाऊ देत नसत. केसांवर भांडी देणारी दारात आली की म्हणायच्या, "माझा केस परक्याच्या हाती द्यायचा न्हाई, शालन." त्यांचं गुंतवळ मी पिशवीत जपून ठेवलं होतं. तनुजा काही परकी नव्हे.

तिनं ते धुतलं आणि पाण्यासोबत पोलादी भांड्यात बंद करून भट्टीत शिजवलं. उरलं तपकिरी पाणी. त्यात कार्बनचे इतके बारीक कण, की एका केसाच्या जाडीत दहा हजार ओळीनं बसावेत. त्यात कागद बुडवून वाळवला. नोटा तपासायच्या जांभळ्या दिव्याखाली तो निळा उजळला. इतका शांत निळा रंग मी आयुष्यात पाहिला नव्हता. विषारी क्रोमियम लागलं की तो उजेड विझतो. "लोखंडानंही मंद होतो, म्हणून लॅबचा अहवाल लागेलच," तनुजा म्हणाली. तिचं हे मला फार आवडतं. जेवढं ठाऊक, तेवढंच बोलते.

त्या उजेडासाठी अंधार हवा. भर दुपारी दारं लावून आम्ही तिघं सासूबाईंच्या गोधडीखाली शिरलो. मधे दोन वाट्या, एक नळाच्या पाण्याची, एक विहिरीच्या, आणि शेजारी ओळीनं मांडलेल्या पट्ट्या. सोपानरावांचं पांढरं बनियन त्या दिव्यात निळंजांभळं चमकायला लागलं.

"लग्नातबी एवढा उठून दिसलो नव्हतो," हे म्हणाले.

नळाच्या पाण्यात पट्टी तशीच उजळ राहिली. दुसरी पट्टी तनुजानं विहिरीच्या वाटीवर धरली. ती विझली.

"अजून बुडवली कुठं?" मी विचारलं.

तनुजानं पट्टी मागे घेतली, ती निळी झाली. पुन्हा वाटीकडे नेली... विझली. पाणी अजून बोटभर खाली होतं. गोधडीत माक्याच्या तेलाचा वास दाटून आला. आमच्या घरात माका फक्त सासूबाई लावायच्या.

"दिव्याचा सेल गेला असंल." यांनी विहिरीची वाटी उचलली. "पाणी काचेवाणी हाय. ह्ये बघ, मीच पितो."

वाटी ओठांशी गेली आणि समोर मांडलेल्या सगळ्या पट्ट्या एकदम काळ्या पडल्या. नळाच्या वाटीतलीसुद्धा. बनियन मात्र चमकतच होतं. दिवा चालू होता.

"आये..." हे हळूच म्हणाले.

त्यांनी वाटी खाली ठेवली. एकेक पट्टी सावकाश उजळली.

"असं होत नाही," तनुजा कुजबुजली. "पाणी लागल्याशिवाय... होत नाही, आई."

१२ मे, सोमवार. ऊन तसंच. मोटर जोडली नाही. लॅबचा अहवाल ५ मेला आला. लिटरला ०.४१ मिलिग्रॅम क्रोमियम, मर्यादा ०.०५. कॉलेजात तनुजानं त्याच पट्ट्या पुन्हा तपासल्या. तिथं त्या बुडवल्यावरच विझल्या, एरवी नाही. विहिरीवर स्लॅब टाकला. एक पट्टी मी कपाटात ठेवली आहे. रोज सकाळी दिव्याखाली बघते. निळी असते.

२१ मे, बुधवार. ढगाळ, उकाडा फार. नळाला पाणी आलं नाही, म्हणून यांनी काल टँकर सांगितला होता. सकाळी कपाट उघडून दिवा लावला. पट्टी विझलेली होती. टँकरचा हॉर्न त्यानंतर वाजला.

मी यांना पट्टी दाखवली. हे फाटकाशी गेले.

"काका, पाणी एक नंबर आहे," ड्रायव्हर म्हणाला.

"असंल, भावा. पण आई नको म्हणती."

टँकर भरलेलाच परत गेला.