मूळबरहुकूम

मिरजेच्या स्मृतिविज्ञान संस्थेत तळमजल्यावरच्या प्रयोगशाळेत स्मरणदर्शी नावाचं यंत्र होतं, आणि त्याचा अर्धा भाग चारुलता कासेगावकर हिने स्वतः बांधला होता. माणसाला एखादं जुनं छायाचित्र दाखवायचं, ते पाहून त्याच्या मेंदूत जी आठवण जागी होते तिचे विद्युतसंकेत डोक्यावरच्या जाळीने टिपायचे आणि त्या संकेतांतून पडद्यावर चित्र उभं करायचं, असं ते काम. संकेत टिपण्याची बाजू डॉ. सलमा बागवानची. चित्र उभं करणारा भाग, प्रतिमाजुळारी, चारूचा. उभं राहिलेलं चित्र मूळ छायाचित्राशी किती जुळतं, हे सांगणारा एक आकडाही तो पडद्याच्या कोपऱ्यात दाखवी. त्याला चारूने 'बरहुकूम अंक' असं नाव दिलं होतं, आणि तो अंक शंभराच्या जवळ गेला की तिला मनापासून आनंद होई.

आज जाळीखाली तिचे वडील होते.

पक्षाघाताच्या झटक्यानंतर अण्णांची वाचा गेली होती. उजवी बाजू लुळी पडली होती. डोळे तेवढे फिरत, पण त्या डोळ्यांना हो म्हणायचंय की नाही, हे कुणालाच सांगता येत नव्हतं. अशात निहारचा फोन आला होता. 'मला अण्णांना भेटायचंय. त्यांची इच्छा असेल तरच येतो. विचारून सांग.'

"न बोलणाऱ्या माणसाला काय विचारणार?" चारू म्हणाली. "म्हणून म्हटलं, यंत्रालाच विचारू. तिचा फोटो बघून त्यांच्या मनात काय येतं ते तरी कळेल."

"त्याचा," सलमा म्हणाली.

चारूने ऐकलं न ऐकलंसं केलं.

निहार तिचं धाकटं भावंड. जन्मल्यावर त्याला मुलीचं नाव ठेवलं होतं. ते त्याने केव्हाच टाकून दिलं, त्यामुळे इथे सांगायचं कारण नाही. अण्णांचा बसबॉडी बांधायचा कारखाना होता. दोन मुलीच म्हणून नातेवाईक हळहळत तेव्हा अण्णा चारूकडे बोट दाखवून म्हणत, "ही आहे की माझा मुलगा!" ते ऐकण्यासाठी चारू कारखान्यात वेल्डिंग शिकली, हात भाजून घेतले, पुढे शिष्यवृत्तीवर शिकली आणि लग्नाचा विषय मागे पडला तरी अण्णांना सोडून कुठे गेली नाही. धाकटं मात्र लाडात वाढलं. पोहायला शिकवलं त्याला, सायकल आणली त्याला. आणि एक दिवस, चांगलं तिशी ओलांडल्यावर, त्याने घरी येऊन सांगितलं की मी मुलगी नाही, कधीच नव्हतो, मी पुरुष आहे आणि आता तसाच राहणार आहे.

लोकांना वाटलं चारूला लाज वाटली. लाज वगैरे काही नव्हती. जी जागा मिळवायला तिचं अर्धं आयुष्य गेलं, ती या पोराने नुसतं तोंडाने सांगून घेतली, असं तिला वाटलं. अण्णांनी त्याला घरातून जायला सांगितलं तेव्हा ती एक शब्द बोलली नाही. निहार पिशवी घेऊन निघाला, अण्णा भिंतीकडे तोंड करून बसले होते, आणि चारूला चक्क हायसं वाटलं. त्यानंतर नऊ वर्षं त्या घरात निहारचं नाव निघालं नाही.

"एक लक्षात घे," जाळीच्या तारा जोडता जोडता सलमा म्हणाली. "तू प्रकाशशास्त्रातली. तुला आठवण म्हणजे कपाटात ठेवलेला फोटो वाटतो. तशी ती नसते. ती मातीच्या मूर्तीसारखी. कोरडी आहे तोवर जशीच्या तशी राहते. आठवण काढली की पुन्हा ओली होते, आणि परत वाळेपर्यंत हात लागेल तसा आकार बदलते. मग वाळते ती बदललेल्या आकारात. मूळचा आकार कुठेही शिल्लक राहत नाही."

"हे मी तुझ्या व्याख्यानात ऐकलंय."

"ऐकलंयस, पण आज तुझे वडील आहेत म्हणून परत सांगते. आपण बघायला गेलो की तीही ओली होणार. उगाच उघडायची नाही."

"एकदाच बघायचंय," चारू म्हणाली आणि छायाचित्रं हातात घेऊन अण्णांच्या पलंगापाशी उभी राहिली.

आधी तिने स्वतःची दाखवली. पडद्यावर कारखाना उभा राहिला. डोळ्यांवर काच धरून वेल्डिंग करणारी चारू, मागच्या भिंतीवरचं दिनदर्शिकेचं पान, त्यावरची तारीखसुद्धा वाचता येत होती. पदवीदानाचा दिवस, तिची निळी साडी, खांद्यावरची पिनही जागच्या जागी. बरहुकूम अंक अठ्ठ्याण्णव. इतका स्वच्छ निकाल संस्थेत आजवर कुणी पाहिला नव्हता. चारूचा ऊर भरून आला.

मग निहारची. कृष्णेचा घाट, पाठीला रिकामा डबा बांधलेली, दोन वेण्यांची, फ्रॉकमधली मुलगी. पडद्यावर नदी आली, घाट आला, डबाही आला. पण डबा पाठीला बांधून पाण्यात उतरणारा एक मुलगा होता. केस बारीक कापलेले, अंगात हाफपँट. अंक चाळिशीच्याही खाली गेला. चारूने दुसरं छायाचित्र दाखवलं, शाळेच्या स्नेहसंमेलनाचं. तिथेही तोच मुलगा. सगळं चुकलेलं. अण्णांच्या छातीचे ठोके वाढले होते, पण चारूचं लक्ष आकड्याकडे होतं. हाताची घडी घालून ती आकड्याकडे बघत उभी राहिली.

शेवटी तिने घराच्या दाराचं छायाचित्र दाखवलं, निहार गेला त्याच दिवसाची आठवण यावी म्हणून. पडद्यावर निहार पिशवी घेऊन दारात होता. आणि अण्णा उठून त्याच्यापाशी आले होते. त्यांचा हात त्याच्या खांद्यावर होता.

"हे साफ खोटं आहे," चारू म्हणाली. "असं घडलंच नाही. मी होते तिथे. अण्णा जागचे हलले नव्हते."

सलमा काही बोलणार तोच चारू बाहेर गेली आणि तिने निहारला फोन लावला. "बघितलं मी. अण्णांना तू धड आठवतसुद्धा नाहीस. कुणीतरी भलताच पोरगा येतो डोळ्यांपुढे. उगाच येऊन त्यांना त्रास देऊ नकोस." पलीकडून फोन बंद झाला. चारू आत आली ती अगदी हलकी होऊन.

"काय सांगितलंस त्याला?" सलमाने विचारलं.

"खरं ते. माझं सगळं मूळबरहुकूम निघालं, तिचं काहीच जुळलं नाही."

सलमाने पडदा मालवला. "चारू, मूर्ती जशीच्या तशी केव्हा राहते?"

"कोरडी असते तेव्हा."

"म्हणजे?"

चारूने मालवलेल्या पडद्याकडे बघितलं.

"म्हणजे तिला हात लागलेला नसतो," सलमा म्हणाली. "तुझ्या आठवणी अण्णांनी एकदा ठेवल्या त्या ठेवल्या. पुन्हा काढून बघितल्याच नाहीत, म्हणून तारखेसकट शाबूत. निहारच्या आठवणी त्यांनी इतक्या वेळा काढल्यात की फ्रॉक झिजून गेला. वेण्या गेल्या. प्रत्येक वेळी थोडं थोडं बदलत त्यांनी त्याला मुलगा केला. घाटावर, शाळेत, सगळीकडे."

"आणि दारातलं?"

"ते घडलं नाही हे त्यांनाही ठाऊक असणार. सुरुवातीला तरी. पण रोज तिथे परत जाऊन ते दुरुस्त करत आले असतील. भिंतीपासून दारापर्यंत, एकेक पाऊल."

"मग तोंडाने का नाही सांगितलं कधी?"

"ते यंत्रात दिसत नाही."

चारू जाळीच्या तारा गुंडाळायला लागली. "मी रोज समोर होते," ती म्हणाली. "रोज हातात औषध देत होते. मला आठवायची गरजच नव्हती, असंच ना?"

"असेल तसंही."

हे सांत्वन होतं, आणि ते चारूला अजिबात पुरलं नाही. सलमाची काहीतरी चूक होत असेल, निदान दुसऱ्या खेपेला अंक वेगळा येईल, असं तिच्या मनाने घेतलं. सलमाने नको म्हणून सांगितलं. तरी दोन दिवसांनी चारूने पुन्हा अण्णांना जाळीखाली घेतलं आणि घाटाचं छायाचित्र त्यांच्यासमोर धरलं.

नदी आली. डबा आला. मुलगा पाण्यात उतरला. आणि घाटाच्या पायरीवर एक बाई उभी होती. पन्नाशीची, पांढरा कोट घातलेली, हाताची घडी, ओठ घट्ट मिटलेले. पाण्यातल्या मुलाकडे ती अशी बघत होती की जणू तो बुडला तर बरं होईल.

चारूला स्वतःला ओळखायला वेळ लागला, कारण आपला चेहरा असा दिसतो हे तिला माहीतच नव्हतं.

पडद्यावरचा मुलगा त्या बाईला बघून पाण्यातच थांबला. पलंगावर अण्णांच्या डाव्या डोळ्यातून पाणी ओघळत होतं.

"बंद कर," ती सलमाला म्हणाली. "बंद कर, बंद कर ते."

परवा आठवण ओली असताना समोर चारू होती. तिच्या अंगावर कोट होता, मनात जे होतं ते चेहऱ्यावर होतं, आणि ते जसंच्या तसं त्या घाटावर वाळलं होतं. नऊ वर्षं जपलेल्या जागी ती अशी जाऊन उभी राहिली होती. आता अण्णा डोळे मिटून जेव्हा जेव्हा नदीवर जातील तेव्हा ती तिथे असणार.

"पुसता येईल?"

"पुसता येत नाही," सलमा म्हणाली. "पुन्हा ओली करता येते. पण या खेपेला तिथे काय असेल ते आधी ठरव."

निहारने फोन उचलला नाही. तिसऱ्यांदा उचलला तेव्हा तो नुसतं "बोल" म्हणाला.

"मी परवा तुला अर्धं सांगितलं," चारू म्हणाली. "अण्णांना भलताच पोरगा आठवत नाही. तूच आठवतोस. त्यांनी तुला लहानपणापासूनच मुलगा करून टाकलाय. आणि माझ्यामुळे त्यात बिघाड झालाय. ये."

"मी येईन," निहार म्हणाला. "पण तुझ्यासाठी नाही येणार, ताई. आणि तू परवा बोललीस ते मी विसरलोय असं समजू नकोस."

"नको विसरूस. ये फक्त."

तो हुबळीहून दुसऱ्या दिवशी सकाळी थेट संस्थेत आला. कानशिलांपाशी केस पिकलेला, अण्णांसारखाच रुंद खांद्यांचा माणूस दारात उभा राहिला, आणि अण्णांची डावी बोटं चादरीवर हलू लागली. निहार पलंगाच्या कडेला बसला. त्याने ती बोटं धरली.

"घाटाचं सांग," चारू म्हणाली. "पोहायला शिकलास ते."

त्याने तिच्याकडे संशयाने बघितलं. मग अण्णांकडे वळून हळूहळू सांगायला लागला. पाणी किती गार होतं, डब्याची दोरी कशी सुटली, अण्णा कपड्यांसकट पाण्यात कसे उतरले. मध्ये एके ठिकाणी तो अडला.

"तेव्हा तू कुठे होतीस गं?"

चारू त्या दिवशी घरी होती. रुसून. ते खरं होतं, मूळबरहुकूम होतं.

"पायरीवर," ती म्हणाली. "टॉवेल घेऊन."

निहारला ते पटलं नाही हे उघड दिसत होतं. पण त्याने वाद घातला नाही. "हां," तो म्हणाला. "ताई टॉवेल घेऊन उभी होती, अण्णा. मग मी बाहेर आलो."

सलमाने दारातून खुणेने विचारलं, यंत्र लावू का? चारूने मान हलवून नको म्हटलं.

अण्णांची नजर निहारवरून हलत नव्हती. चारूच्या बाजूला एकदाही वळली नव्हती. तिला ते झोंबलं, पहिल्याइतकंच झोंबलं. तिने घातलेली हाताची घडी सोडली, खुर्ची पलंगाच्या आणखी जवळ ओढली आणि ओठ मुद्दाम सैल केले. आत्ता सगळं ओलं होतं, आणि तिचा चेहरा कसा वाळणार हे एवढं एकच तिच्या हातात उरलं होतं.