भैरवीचं शेवटचं कडवं

“बायांची वाट तिकडून,” छातीवर केशरी कागदाचं फूल लावलेल्या त्या स्वयंसेवकानं पुन्हा सांगितलं, आणि चारुशीलेचा पारा चढला.

“तिकडचा म्हणतो इकडून, तुमी म्हणता तिकडून. अकोल्याच्या माणसांनी आधी आपसात ठरवून घ्यावं ना.”

तो हसला. हसताना त्याच्या गालाला खळी पडली. चारुशीलेला त्या खळीचासुद्धा राग आला.

गायक नट कमलाकांतांच्या चाहत्यांचा मेळावा म्हणजे अशी जत्रा असेल हे तिला काय ठाऊक. पहाटे अमरावतीहून निघून, बडनेऱ्याला गाडी बदलून ती मावशीसोबत आली होती ती त्यांच्या तोंडून एक पद ऐकायला. शेजारच्या ग्रामोफोनवर ती भैरवी तिनं लहानपणापासून कितीदा तरी ऐकली होती. पण तबकडीला तडा — ऐन शेवटच्या कडव्याला सुई उडायची आणि पुन्हा मागच्याच ओळीवर. चारुशीला कॉलेजात गेली, तरी ते पद संपतं कसं, हे काही तिला कळलं नव्हतं.

मांडवात पाय ठेवायला जागा नाही. पुढं कमलाकांतांसारखा भांग पाडलेली सगळी पोरं, कडेला मावशी — “चारू, पदर सांभाळ. चारू, गाडी चुकेल.” आणि व्यासपीठावर अध्यक्ष वसंतराव वकील... बोलतच होते. तंबोरा बिचारा गवसणीतच.

तो केशरी फूलवाला स्वयंसेवक पाण्याचा तांब्या घेऊन आला. त्याला सगळे उद्धव म्हणत होते.

“पाणी नको मले,” चारुशीला म्हणाली. “त्या वकिलांना बसवा खाली.” आणि रागारागात तबकडीची सगळी कहाणी तिनं त्याला ऐकवली.

“ते... माझे सख्खे काका आहेत.”

“मग तर तुमचीच जबाबदारी.”

तो तिच्याकडे बघतच राहिला — मग सरळ पुढं गेला आणि भलत्याच वाक्याला टाळ्या पिटू लागला. लांबलेल्या वक्त्याला इथं असंच बसवतात. बघता बघता अख्खा मांडव टाळ्या पिटू लागला. काका थांबले. चष्मा काढून त्यांनी डोळे पुसले.

“एवढं प्रेम,” ते गहिवरून म्हणाले. “मग हाच मुद्दा जरा विस्तारानं मांडतो.”

चारुशीलेनं कपाळावर हात मारला.

शेवटी मावशीनं तिला ओढतच टांग्यात बसवलं. टांगा कोपऱ्यावर वळला, आणि मागं तंबोरा लागला.

स्टेशनवर ती डब्यात खिडकीशी फुगून बसली होती. मावशी फलाटावर चंबूत पाणी भरत होती. तेवढ्यात सायकल टाकून कुणीतरी धापा टाकत धावत आलं. फूल पार लोंबत होतं.

“आपल्यानं सूर लागत नाही,” उद्धव म्हणाला. “हसू नका.”

आणि तो गायला. इतकं बेसूर की बाजूचा हमाल वळून बघू लागला. सुई उडायची ती जागा आली... चारुशीलेनं श्वास रोखला... आणि तो पुढं गेला. कडवं संपलं. शेवटचा शब्द होता — ‘थांब’.

गार्डानं शिट्टी दिली. मावशी घाईनं डब्यात चढली.

“कोण गं हा?”

चारुशीलेनं मावशीकडे पाठ केली. ती खिडकीतून वाकली.

“वन्स मोअर,” ती म्हणाली.

“गाडी सुटून राहिली...”

“मग अमरावतीले या. अंबापेठेत.”

“मावशींसमोर गाऊ?” तो गाडीसोबत धावत होता.

“बाबांसमोर,” चारुशीला म्हणाली. “आणि काकांना सोबत आणा. बोलणी लांबवायला कुणीतरी पाहिजे ना.”